शिवेपल्याडचा बाजा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला, घराजवळच्या गिरणीत दळण घेऊन बसलो होतो. फोन सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ‘अहो, घरी या. दादा गेले,’ एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. दळण निम्मं झालं होतं. निम्मं टाकून उठायचं कसं, म्हणून ते पुरतं करून घेतलं, डबा स्कूटरला अडकवला आणि घरी गेलो. सुमन अजून ते काढते. ‘माझा बाप गेला आणि हे पीठ घेऊन आले,’ असं तिनं आल्यागेल्या सगळ्यांना सांगून झालंय. तिचं चूक नाही. पण मामा असते तर त्यांनी माझीच बाजू घेतली असती, कारण हातातलं काम अर्धं सोडून पळणारा माणूस त्यांना आवडत नसे. वय झालं होतं. पंच्याऐंशी म्हणा, जास्तही असेल. जन्मतारीख पलटणीत भरती होताना कुणीतरी अंदाजानं घातलेली होती. दम पुरत नव्हता. हा फोन आज ना उद्या येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, माणिकराव. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. वडवणीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. तालुक्यातले माजी सैनिक तिरंगा घेऊन आले होते. चारपाच म्हातारे टोप्या घालून ताठ उभे राहिले. एकाला गुडघ्यामुळं उभं राहवत नव्हतं, तोही राहिला. मामांना तीन मुली, मुलगा नाही. तेव्हा मडकं कुणी धरायचं यावर भावकीत थोडी कुजबुज झाली, ती सुमननं मडकं उचलून खांद्यावर घेतलं तेव्हा थांबली. सगळं उरकून आम्ही परत आलो, आंघोळी झाल्या, आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या तिथं त्यांनी मला बोलावून घेतलं. रडून झालं होतं बहुतेक. म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमच्यापाशी बसायचे ते. खरं सांगा. माझ्यावर राग धरून गेले का?’

मी नाही म्हणालो. ‘भाजी ताजी हाय’ म्हणणाऱ्या बाजारातल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. राग कसला, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला काय सांगता येण्यासारखं होतं ते मात्र फक्त मला ठाऊक होतं आणि ते सांगायचं नाही असं मी मामांना कबूल केलं होतं. म्हणजे माझी पंचाईत. एकीकडं गेलेल्या माणसाला दिलेला शब्द, दुसरीकडं मागं राहिलेल्या बाईचा जीव टांगणीला. पण ते सांगण्याआधी मागचं सांगायला पाहिजे.

मामा लहानपणी गुरांमागं असायचे आणि पावा वाजवायचे. गुरांमागं पावा वाजवला तर कुणी काही म्हणत नाही. ते भरतीला गेले तेही घरी न सांगता, गावातल्या दोघांबरोबर चालत बीडपर्यंत. त्या दोघांना परत पाठवलं, ह्यांना घेतलं. छाती भरली म्हणून घेतलं असं ते सांगत. रंगरूट असतानाच केव्हातरी पलटणीच्या बँडचा सराव ऐकत ते उभे राहिले, कवायत चुकली, शिक्षा झाली, आणि शिक्षा भोगून पुन्हा तिथंच जाऊन उभे राहिले. बँडमास्तरनं विचारलं, काय वाजवतोस? पावा म्हणाले. हसून त्यानं त्यांच्या हातात मशकबाजा दिला. काखेत धरायची कातडी पिशवी, खांद्यावर तीन उभ्या नळ्या, बोटांखाली एक नळी. तो बाजा मामांच्या काखेतून पुढं कधी सुटला नाही. घरी मात्र त्यांनी एवढंच कळवलं की पलटणीत आहे, खुशाल आहे. घरच्यांनी, गावानं आणि लग्न झाल्यावर मामींनी आपल्या मनानं त्यांच्या हातात बंदूक देऊन टाकली. मामांनी ती काढून घेतली नाही. त्यांना खोटं बोलावं लागलं नाही, फक्त गप्प बसावं लागलं, आणि त्यात ते हुशार होते.

पेन्शनीत निघताना त्यांनी मेरठहून स्वतःसाठी एक बाजा विकत घेतला आणि पोत्यात गुंडाळून गावात आणला. त्याचं कातडं मऊ राहावं म्हणून ते पिशवीत काकवी घालून घोळवत. त्यामुळं त्या बाजाला मुंग्या लागायच्या, आणि मुंग्यांपायी घरात पहिली भांडणं झाली. पाणी वाहायच्या कातडी पिशवीवरून गाव त्याला पखालच म्हणायचं. तोवर गंमत होती. मग मामींच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. वरात निघाली, वाजंत्र्यांनी सूर धरला आणि मामांना राहवलं नाही. पोत्यातून पखाल काढली आणि त्यांच्यात जाऊन उभे राहिले. तासभर वाजवलं म्हणतात. लोक नाचले, फेटे उडाले, नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. कुणालाच त्या वेळी त्यात वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते युसूफ वडगावच्या मंडळींना. सुमनचं तिकडं जमत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. त्यांच्याकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण बाप लग्नात वाजवतो म्हणे. आता आपल्याकडं वाजवणारी घरं ठरलेली. ज्यानं त्यानं आपलं काम करावं, आणि दुसऱ्यानं ते हौसेनं केलं तरी त्याला त्या ओळीत बसवून जेवू घालायचं, ही आपली रीत. ती वाईट आहे हे म्हणायला आज माझं काय जातंय? त्या वेळी त्या घरात तीन मुली लग्नाच्या होत्या. मामांचे थोरले भाऊ पुढारी माणूस. त्यांनी ओसरीत उभं राहून गावाला ऐकू जाईल असं बोलून घेतलं. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. हे सगळं झाल्यावर मामी आतून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘आजपासून ह्या गावाच्या शिवेच्या आत ते वाजवलं, तर माझं मेलेलं तोंड बघाल.’

(वडगावच्या त्या मंडळींचे माझ्यावर उपकार आहेत असं मी सुमनला नेहमी म्हणतो. ती म्हणते, उपकार माझ्यावर व्हायचे राहिले.)

शपथ फौजी माणसाला घातली होती. दुसऱ्या दिवशी मामा सकाळी उठून शिवेचा दगड बघून आले. डोंगराच्या बाजूला पाझर तलाव आहे. त्याची निम्मी पाळ ह्या गावात, निम्मी शेजारच्या गावात, आणि दगड मधोमध. त्या संध्याकाळी मामा पोतं खांद्यावर टाकून निघाले, दगड ओलांडला, दहापाच पावलं पुढं गेले आणि वाजवायला लागले. झालं. तेव्हापासून ती त्यांची जागा. रोज ऊन उतरलं की निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. गावात राहून वाजवायचं नाही हा हुकूम त्यांनी कधी मोडला नाही, आणि वाजवणंही सोडलं नाही.

मला हे कळलं ते दिवाळसणाला. आमचं लग्न नुकतंच झालेलं, मी पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर, अंगात थोडी मिजास. संध्याकाळी ओसरीत बसलो होतो आणि डोंगराकडून एक लांबलचक कण्हल्यासारखा आवाज आला. मग तो चढला, आणि त्यातून सूर निघाले. मी विचारलं, हे काय वाजतंय? मामी म्हणाल्या, कुठं काय? मेव्हणी म्हणाली, काही नाही. चुलतसासरे अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, ते म्हणाले, वारा हाय. एवढा मोठा आवाज, गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या दिशेला तोंड करून बसलेली, आणि त्या घरातलं एक माणूस कबूल करेना. मी सुमनकडं बघितलं तर ती पदराआड हसत होती का रडत होती तेच कळेना. सासरे तेवढे जागेवर नव्हते. मग मी चप्पल घातली आणि आवाजाच्या रोखानं निघालो.

पाळीवर मामा वाजवत होते. मला बघून थांबले. पिशवीतली हवा बारीक किंकाळी मारून निघून गेली. मग ते सावधानमध्ये उभे राहिले, जावयासमोर, आणि म्हणाले, ‘जावईबापू, तुमच्या घरी सांगायचं असंल तर सांगा. पन पोरीला बोल लावू नका. तिचा काय दोष न्हाई.’ मी दगडावर बसलो आणि म्हणालो, वाजवा. खरं सांगायचं तर मला ते वाजवणं तेव्हाही आवडलं नाही आणि नंतर इतकी वर्षं ऐकूनही आवडलं नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. त्या पखालीतून निघणारा सूर मला कळपातून चुकलेल्या करडासारखा वाटायचा. हे मी त्यांना सांगूनही टाकलं. ते खूश झाले. म्हणाले, पलटणीत एक कर्नलसाहेब होते, ते असंच म्हणायचे. आमची दोस्ती तिथून सुरू झाली. ज्याला गाणं आवडत नाही तो खोटी मान हलवत नाही, हे त्यांना बरं वाटत असावं.

गाण्याचं त्यांना वेडच होतं, आणि फक्त आपल्या बाजाचं नाही. रेडिओवर शास्त्रीय लागलं की जेवण थंड व्हायचं. गोंधळ्यांचं संबळ असो, भजनातला पखवाज असो, नाहीतर आटाचक्कीचा पट्टा लयीत वाजत असो, ते थांबून ऐकणार. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली माणसं ट्रॅक्टरवर संसार रचून तलावाच्या रस्त्यानं जायची, तेव्हा मामा मुद्दाम लवकर जाऊन बसत आणि त्यांच्यासाठी वाजवत. गाडीतल्या बाया पोरांचे हात धरून हलवायच्या. आणि ह्या सगळ्यात घराकडं दुर्लक्ष म्हणाल, तर अजिबात नाही. तिन्ही मुलींच्या वेण्या ते घालायचे. सुमन सांगते की इतक्या आवळून घालायचे की शाळेत दिवसभर भुवया वर चढलेल्या असायच्या. मुलींच्या बाळंतपणात ते दवाखान्याच्या पायरीवरून हलले नाहीत. माझ्या मुलाला गोवर आला तेव्हा वडवणीहून मिळेल त्या वाहनानं निघाले आणि रात्रीच्या आत बीडला हजर. गळ्यात पडणारा माणूस नव्हता. आला, पोराच्या उशाशी बसला आणि बारा दिवस तिथून उठला नाही.

हलगी वाजवणारा शंकर कधीमधी पाळीवर येऊन त्यांच्यासोबत वाजवायचा. तो त्यांच्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाला, ‘हवालदार, तुमी वाजवलं तर तुमची अब्रू जाती. आमी न्हाई वाजवलं तर आमची चूल जाती. कुणाचं बरं म्हणायचं?’ पुढच्या आठवड्यात शंकर पुन्हा आला, मामांनी त्याच्यासाठी जागा झाडून ठेवली होती.

मुली एकेक करून उजवल्या. धाकटीच्या लग्नाच्या वेळी मामांनी एकच हट्ट धरला, की लग्न दारात नको, वडवणीच्या मंगल कार्यालयात करायचं. दारात एवढं अंगण असताना कार्यालय कशाला, हे कुणाला कळेना. मला लगेच कळलं. वडवणी शिवेच्या बाहेर. लग्न लागलं, पाठवणीची वेळ झाली, आणि मामा जीपमधून पोतं काढून बँडवाल्यांच्यात जाऊन उभे राहिले. मामींनी बघितलं. बोलायला जागाच नव्हती, शपथ तर मोडत नव्हती. मामा वाजवायला लागले. पाहुणे गोळा झाले. काळही बदलला होता, लोकांना उलट नवल वाटलं, कुणी फोटो काढले. एवढ्यात नवरदेवाचा उमापूरचा एक चुलता, जो त्याच दिवशी एसटीनं आलेला आणि ज्यानं नवरीच्या बापाला आयुष्यात बघितलं नव्हतं, तो पुढं आला. त्यानं एक नोट काढली, नवरदेवावरून ओवाळली आणि मामांच्या खिशात कोंबली. वाजवणाऱ्याला देतात तशी. वर पाठीवर थाप मारून म्हणाला, लई चांगलं वाजवतोस बाबा, आमच्या गावच्या लग्नालाही ये.

सगळे थिजले. मामांनी मात्र वाजवणं न थांबवता टाचा जुळवून त्याला मान लववली. तो खूश होऊन गेला. परत येताना जीपमध्ये ती नोट हातात धरून मामा मला म्हणाले, ‘सरकारी पगार लई खाल्ला, जावईबापू. बाजाची अशी कमाई ही पहिलीच.’ पुढच्या सीटवर मामी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मामांशी बोलल्या नाहीत. ज्या गोष्टीला भिऊन त्यांनी शपथ घातली होती ती गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर, लेकीच्या पाठवणीत घडली होती, आणि नवरा तिला कमाई म्हणत होता. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. नोट दुसऱ्या दिवशी शंकरकडं गेली. मामा म्हणाले, त्याच्या हक्काची होती, चुकून माझ्याकडं आली.

आपल्याकडं शपथेला तोड असते. ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की सुटली. लहान पोरंसुद्धा एकमेकांना तसं म्हणायला लावतात. आता मुली नांदत होत्या, नातवंडं शाळेत जात होती, थोरले भाऊ वारले होते, कुणाचं लग्न अडायचं राहिलं नव्हतं. एकदा पाळीवर मी सहज म्हणालो, मामा, मामींना एकदा विचारा, त्या सुटली म्हणतील. अंगणात खाटेवर बसून वाजवा, ह्या वयात रोज एवढं चालणं कशाला? मामा नळी पुसत होते. पुसतच राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लढाई लागली की बँडवाल्यांचे बाजे कोठीत जातात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. हे मला ठाऊक नव्हतं, आपल्याला कुणालाच ठाऊक नसतं. बांगलादेशच्या लढाईत मामांनी माणसं उचलली. जखमी उचलली, आणि जी वाटेत गेली तीही उचलून आणली. पुढच्या बाजूला धरणारा पुढं बघून चालतो. मागच्या बाजूला धरणाऱ्याला स्ट्रेचरवरच्या माणसाचं तोंड सारखं समोर असतं. मामा मागच्या बाजूला होते... एवढं सांगून त्यांनी नळी पोत्यात ठेवली. मग म्हणाले, ‘बाया बोलत्यात, मेलेलं तोंड बघाल म्हणून. बोलायची रीत हाय, मला कळतं. पन मी तोंडं बघितल्यात, जावईबापू. तिचं न्हाई बघायचं मला.’

मी म्हणालो, म्हणून तर विचारा आणि सोडवून घ्या. ते म्हणाले, विचारलं तर ती कारण विचारील, कारण सांगितलं तर हसेल. आणि हसता हसता सुटली म्हणाली, तर ते खरं सुटलं का, ह्याची खात्री कुणी द्यायची? वर म्हणाले, ‘मी बाहेर वाजवतो, पन आवाज शिवेच्या आत जातोच की. त्याची मला रोज धाकधूक असती.’ मग वाजवता कशाला, असं मी जरा चिडूनच विचारलं. ते हसले. न्हाई राहवत, म्हणाले. आणि हे तिला सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

तिकडं मामी आपल्या जागी बसलेल्या. एकदा सुमनजवळ बोलल्या होत्या की त्यांनी एक डाव मागावं, सुटली म्हणायला माझी जीभ झिजत नाही. पण मागत नाहीत म्हणजे त्यांना घरापेक्षा ती पाळच गोड लागते. आपण होऊन म्हणायला त्या तयार नव्हत्या. मीच का म्हणून आधी बोलू? हा दोघांचाही बाणा. चांगली शहाणी माणसं, एका ताटात जेवतील, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा पाळतील, पण ह्या एका गोष्टीवर दोघांनी तीसपस्तीस वर्षं काढली. शेवटच्या वर्षांत मामांना चालवेना. आम्ही गेलो की मी त्यांना गाडीतून पाळीवर नेई. फुंक राहिली नव्हती, पिशवी भरायची नाही. ते नुसती बोटं चालवत. मी बाजूला बसून पेपर वाचायचो. एकदा निघताना मामी गाडीपर्यंत आल्या, खिडकीत वाकल्या, आता म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी मामांच्या गळ्याभोवती मफलर नीट केला आणि मागं फिरल्या.

दहाव्याला नदीवर मामी म्हणाल्या, मी येणार. बायका येत नाहीत, कुणीतरी बोललं. मामींनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. का यायचंय हे आम्ही ओळखलं होतं. कधीकधी पिंडाला कावळा लवकर शिवत नाही, मग एकेक माणूस पुढं होऊन गेलेल्याच्या मनातलं बोलतो, आणि खरी गोष्ट निघाली की कावळा शिवतो. मामींना तिथं, सगळ्या भावकीसमोर, जेवढ्या माणसांसमोर शपथ घातली तितक्याच माणसांसमोर, सुटली म्हणायचं होतं. पदर सावरून त्या तयार उभ्या होत्या. भटजींनी पिंड ठेवून पाठ फिरवली असेल नसेल, तोवर कावळा आला आणि शिवून गेला. कुणाला हात जोडायलाही सवड मिळाली नाही. सगळे म्हणाले, सोनं झालं, समाधानी माणूस, काही इच्छा राहिली नव्हती. मी मामींकडं बघितलं. त्यांचं तोंड पडलं होतं. परत येताना गाडीत एवढंच बोलल्या, ‘मला बोलूसुदीक दिलं न्हाई.’

तेरावा झाला. पाहुणे पांगले. आम्ही दोघं मागं राहिलो होतो. दिवस उतरत होता, मामी ओट्यावर सुपात तुरी घेऊन निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी मला पुन्हा तेच विचारलं. ‘कावून मागितलं न्हाई त्यांनी एकदाबी? इतका राग व्हता?’ मी ठरवलं की आता पुरे. दिलेला शब्द ज्याला दिला तो गेला होता, आणि त्यानं मामींच्या हसण्याला भिऊन घेतलेला शब्द होता. आता त्या हसणार नव्हत्या. मी सगळं सांगितलं. स्ट्रेचर, मागची बाजू, तोंडं, आवाज शिवेच्या आत जातो म्हणून वाटणारी धाकधूक, सगळं. मी चांगलं सांगणारा नाही, खात्यात अहवाल लिहून आयुष्य गेलं, तसंच सांगितलं.

मामी हसल्या नाहीत. तुरी निवडणारा हात थांबला. म्हणाल्या, ‘भांडणात बोलले व्हते ओ मी. बाया बोलत्यात.’ मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘म्हणून हाक मारायचे व्हय?’

कसली हाक, मी विचारलं. इतकी वर्षं पाळीवरून मी त्यांच्याबरोबर परत यायचो तो फाटकापर्यंतच, तिथून गाडी लावायला नाहीतर पान खायला वळायचो.

‘रोज तळ्यावरनं आले की फाटकात थांबायचे,’ मामी म्हणाल्या. ‘हायस का गं, म्हणायचे. मी ओ दिल्याबिगर आत पाय टाकायचे न्हाईत. पावसात भिजत हुभे राहायचे. मला वाटायचं, च्या पायजे म्हणून कालवा करत्यात. माझे हात कामात. लई राग यायचा.’ सुपावर त्यांची बोटं उगाच फिरत होती. ‘अन् मी काय म्हणायची ठावं हाय का? मेले न्हाई अजून, या आत. रोज हेच म्हणायची.’

मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. सुमन आत देवापाशी दिवा लावत होती, तिनं ऐकलं असावं, कारण काडी पेटवल्याचा आवाज दोनदा आला. तलावाच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला आणि मग गल्ली शांत झाली. मामांची परत यायची वेळ झाली होती. मामींनी सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि कुणी विचारलं नसताना फाटकाकडं बघून म्हणाल्या, ‘हाय. या आत.’